कॉलेजचे पहिले वर्ष : सुरतेच्या वाटेवरच्या काही चुकीच्या समजुती

बारावीचा निकाल लागला की आपल्या सीमेवरच्या गावांतून एकच चर्चा सुरू होते. मुलाला नंदुरबारला ठेवायचे, की सुरतेला काकाकडे पाठवायचे? नवापूर, उच्छल, निझर, तळोदा या पट्ट्यात असे घर क्वचितच सापडेल, ज्याचे कोणी ना कोणी उधना, पांडेसरा, लिंबायत किंवा कडोदरा येथे नाही. कोणी लूमवर आहे, कोणी साडीच्या मिलमध्ये, कोणी टेम्पो चालवतो. "काका आहेत ना तिकडे" एवढ्या भरवशावर मुलगा बॅग घेऊन तापी लाइनच्या गाडीत बसतो. पुढे त्याचे पहिले वर्ष कसे गेले ते गावाला दिवाळीत त्याच्या तब्येतीवरून कळते आणि नंतर निकालावरून.

या प्रश्नाची नीट माहिती घ्यावी म्हणून आम्ही कडोदऱ्याला जाऊन आलो. कडोदरा म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता एकमेकांना छेदतात तो चौक. तालुका पलसाणा, जिल्हा सुरत. शेजारी चलथान, साखर कारखान्याचे गाव आणि तापी लाइनचे स्टेशन. आजूबाजूला रंगाई-छपाईच्या मिली आणि जीआयडीसी. चौकात दहा मिनिटे उभे राहिले तर गुजराती, हिंदी, ओडिया, भोजपुरी आणि आपली अहिराणी एवढ्या भाषा कानावर पडतात. इथून सुरत आणि बारडोली दोन्हीकडे कॉलेजला जाता येते, म्हणून खोली परवडणारी माणसे इथे राहतात.

पालक, मुले, एक-दोन प्राध्यापक आणि कॉलेजच्या खिडकीत बसणारे एक कारकून, असे बरेच जण भेटले. त्यांच्याशी बोलल्यावर एक गोष्ट आमच्या लक्षात आली. मुलांचे नुकसान अभ्यास कठीण आहे म्हणून जेवढे होते, त्याहून अधिक ते घरच्यांच्या आणि मुलांच्या स्वतःच्या चुकीच्या समजुतींमुळे होते.

सगळ्यात महाग पडणारी समजूत आधी सांगतो. निकालाच्या कागदावर 'एटीकेटी' लिहिलेले दिसले की मुलगा नापास झाला, असे घरी धरले जाते. कडोदऱ्यातल्या एका वडिलांनी आम्हाला सरळ सांगितले, "दोन विषय राहिले होते साहेब. म्हटलं, शिकणं याच्या नशिबात नाही. दुसऱ्या दिवशी मिलमध्ये घडी खात्यात लावून दिला." एटीकेटीचा अर्थच मुळी असा, की राहिलेले विषय पुन्हा देण्याच्या अटीवर पुढच्या सत्रात बसता येते. किती विषयांपर्यंत ती सवलत मिळते याचा नियम प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा असतो आणि तो कॉलेजात विचारला की सांगतात. या मुलाला दुसऱ्या सत्रात बसता आले असते. त्याचे वडील मराठी सातवी शिकलेले. कागद इंग्रजी, खिडकीवरचे बोलणे गुजराती आणि मुलगा भीतीने गप्प. विचारणार कोण?

आता भाषेकडे वळू, कारण कडोदऱ्यात आम्ही सर्वांत जास्त वेळ याच विषयावर बोललो. समजूत अशी आहे, की मराठी मुलाला गुजराती येत नाही, म्हणून तो तिथे टिकणार नाही. हिच्या उलट दुसरी समजूत, की गुजराती म्हणजे मराठीची बहीण, आठ दिवसांत येते. दोन्ही अर्ध्याच खऱ्या.

वाचायला गुजराती फार जड नाही. डोक्यावरची रेघ नसते आणि क, ख, च, ज, झ, फ, ब अशी काही अक्षरे वेगळ्या वळणाची आहेत. बाकीची ओळखीची. तिन्ही लिंगे आपल्यासारखीच. हजेरी, पुरवणी, पगार, रजा, नापास हे शब्द दोन्हीकडे चालतात. शिवाय आपल्या बहुतेक मुलांची घरची बोली अहिराणी, आणि ती तर मराठी आणि गुजरातीच्या मधल्या वाटेवर उभी आहे. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या खंडात घातलेली नाही, ती १९०७ च्या खंडात भिल्ली भाषांच्या सोबत आहे. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी स्वतंत्र मोजली गेली आणि बोलणारे अठरा लाखांहून अधिक भरले. अहिराणी मराठीची बोली की निराळी भाषा, हा वाद पंडितांनी करावा. अहिराणी बोलणारे पोर गुजराती लवकर उचलते, हे कडोदऱ्यात कोणीही सांगेल.

फसगत होते ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. अर्जात 'धोरण' असा रकाना असतो. आपल्याकडे धोरण सरकारचे असते, गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता. 'परिणाम' अशी सूचना फळ्यावर लागली तर तो निकाल असतो. 'आवकनो दाखलो' मागितला तर बाजार समितीतली कांद्याची आवक नव्हे, उत्पन्नाचा दाखला आणायचा. 'सरनामुं' म्हणजे पत्ता. 'पहोंच' म्हणजे पावती. ही यादी हसण्यासारखी वाटेल, पण धुळे जिल्ह्यातून आलेल्या एका मुलाची गोष्ट ऐका. खिडकीवरच्या बाईंनी त्याचा अर्ज पाहून म्हटले, "आ फॉर्म खोटुं भर्युं छे." गुजरातीत खोटुं म्हणजे चुकीचे. मुलाला वाटले, आपण खोटी माहिती दिल्याचा आरोप झाला. तो अर्ज तिथेच टाकून खोलीवर आला आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही. चुलत्यांनी खोदून विचारले तेव्हा म्हणाला, "काका, त्या बाई म्हणतीस मी खोटं लिखं." चुलते पंधरा वर्षे सुरतेत, त्यांना हसू आवरेना. मुदतीला एक दिवस होता म्हणून काम निभावले.

आता शिकवण्याची भाषा. आपल्या मुलांचा मोठा भरणा बी.कॉम. आणि बी.ए.ला असतो, म्हणून वाणिज्याचेच उदाहरण घेतो. महाराष्ट्रात मराठीतून वाणिज्य शिकलेला मुलगा रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे शब्द घोकून आलेला असतो. इथे गुजराती माध्यमाच्या वर्गात रोजकीर्दीला आमनोंध म्हणतात, खतावणीला खातावही, तेरजेला काचुं सरवैयुं आणि ताळेबंदाला पाकुं सरवैयुं. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात तेच जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स आणि बॅलन्स शीट. हिशेब तोच, उधार-जमा तीच. पण पहिल्या पंधरा दिवसांत मुलाला वाटते, आपल्याला काहीच येत नाही. "माले काय समजस नही," हे वाक्य आम्ही तीन वेगवेगळ्या मुलांच्या तोंडून ऐकले. त्यातल्या दोघांना बारावीला बुककीपिंगमध्ये ऐंशीच्या वर गुण होते!

एका प्राध्यापकांनी यावर साधा उपाय केला आहे. पहिल्या आठवड्यात ते फळ्यावर तीन रकाने पाडतात आणि मुलांकडूनच शब्द भरून घेतात. ते म्हणाले, "महाराष्ट्रातून आलेल्या मुलांचा पाया कच्चा नसतो, त्यांना फक्त पाट्या वाचता येत नसतात." आम्हाला हे पटले. मात्र असा उपाय सर्वत्र होत नाही. ज्या मुलाने तोंड उघडून विचारले त्याला सांगतात, जो मागच्या बाकावर बसून राहिला तो डिसेंबरात गावी परत येतो.

परीक्षेत उत्तरे कोणत्या भाषेत लिहिता येतील, हे प्रवेशाच्या आधी कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्यावे. "सगळे कॉलेजात जातात तसे जाऊ, मग पाहू" या वृत्तीने नंतर पाहण्यासारखे काही उरत नाही.

सुरत शहराचे एक वैशिष्ट्य इथे नोंदवले पाहिजे. तिथल्या महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या आहेत. लिंबायत-उधन्याचे मूल म्हणून मराठीतून शिकू शकते. गुजरातचा बोर्डही बारावीची परीक्षा मराठी माध्यमातून घेतो. पण कडोदऱ्याची नगरपालिका वेगळी, ते सुरत महापालिकेत येत नाही. तिथली मराठी घरांतली मुले गुजराती, हिंदी नाहीतर इंग्रजी शाळेत जातात. परिणाम (आपल्या अर्थाने) असा, की बाप मराठी वर्तमानपत्र वाचतो, मुलगा हिंदीच्या जोरावर अक्षरे लावतो आणि मधेच अडखळतो. २०२३ मध्ये गुजरात विधानसभेने पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती सक्तीची करणारा कायदा केला. त्यामुळे सुरतेत वाढलेल्या मराठी मुलाला कॉलेजात गुजरातीची भीती यापुढे राहू नये. भीती राहील ती थेट सीमेपलीकडून येणाऱ्यांना, म्हणजे तुमच्या-आमच्या गावच्या मुलांना.

दाखल्यांचा विषय रुक्ष आहे, पण तो टाळता येत नाही. अनेक घरांत असे धरून चालतात, की जातीचा दाखला एकदा निघाला की देशभर चालतो. विशेषतः आदिवासी कुटुंबांत हा समज पक्का आहे आणि त्याला कारणही आहे. भिल्ल, कोकणा, गामित-गावित या जमाती महाराष्ट्राच्या यादीत आहेत आणि गुजरातच्याही आहेत. १ मे १९६० ला दोन राज्ये झाली तेव्हा नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत गेली. एका घरची सोयरीक नदीच्या दोन्ही काठांवर. मग दाखला दोन्हीकडे का चालू नये?

कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा एक विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत आला आणि त्याने तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९० मध्ये निकाल लागला, की एका राज्याच्या संदर्भात अनुसूचित ठरलेल्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यात स्थलांतर केल्यावर तिथल्या राखीव जागांचा हक्क आपोआप मिळत नाही. म्हणजे नवापूरच्या मुलाला सुरतेच्या कॉलेजात गुजरात राज्याच्या राखीव जागेवर हक्क सांगता येत नाही, जमातीचे नाव तेच असले तरी. केंद्राच्या संस्थांची गोष्ट निराळी. सुरतेचीच सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था घ्या, तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या जागांसाठी कोणत्याही राज्याचा विद्यार्थी पात्र असतो. हा फरक गावात फार थोड्यांना ठाऊक आहे.

शिष्यवृत्तीचेही असेच. केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी मुळात ज्या राज्याचा, त्या राज्याने द्यायची असते, मग तो शिकायला कुठेही असो. पण कडोदऱ्याला राहणारा नंदुरबारचा मुलगा गुजरातच्या खिडकीवर रांगेत उभा राहतो, तिथून त्याला परत पाठवतात, आणि महाराष्ट्राच्या अर्जाची मुदत तोवर उलटलेली असते. उत्पन्नाचा दाखला गावी तहसीलदारांकडून काढायचा, आणि इकडे त्याच अधिकाऱ्याला मामलतदार म्हणतात. आपल्या आजोबांच्या तोंडी अजून मामलेदारच आहे, त्यांना ही अडचण पडणार नाही.

तिसरी गुंतागुंत अधिवासाची. कडोदऱ्यातले काही पालक मुलाला दहावीनंतर आजीकडे पाठवतात, की अकरावी-बारावी मराठीतून व्हावी, भाषा टिकावी. हेतू चांगला, आम्ही त्याचे कौतुकच करू. पण वैद्यकीयसारख्या प्रवेशांत दहावी आणि बारावी कोणत्या राज्यात केली आणि अधिवास कुठला, हे दोन्ही पाहतात. दहावी गुजरातेत आणि बारावी महाराष्ट्रात केलेला मुलगा दोन्ही राज्यांच्या कोट्याच्या मधल्या फटीत पडू शकतो. बेळगाव-कारवार-बिदरकडच्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी वर्गवारी ठेवलेली आहे. उच्छल-निझरच्या किंवा कडोदऱ्याच्या मराठी मुलासाठी तशी काही सोय नाही. इकडे सीमेचा वाद पेटलेला नाही, म्हणून इकडच्या मुलांचा आवाजही नाही. दोन्ही सरकारांकडे मागण्यासारखी एखादी गोष्ट असेल तर ती ही आहे, असे आमचे मत झाले.

आता कॉलेजच्या जीवनाविषयी. शाळेत कष्ट आणि कॉलेजात मजा, ही समजूत सिनेमाने रुजवली. गावातली माणसे मुलाकडे त्याच नजरेने पाहतात. "काय रे, कॉलेज म्हणजे ऐश!" कडोदऱ्यात आम्हाला भेटलेला मुलगा आठवड्यातले तीन दिवस मिलमध्ये रात्रपाळी करतो. सकाळी सुटून अंघोळ, दोन भाकरी आणि बारडोलीची बस. घरी काका-काकू, त्यांची दोन मुले आणि हा, सगळे एका खोलीत. काकू दुपारी साड्यांना टिकल्या लावण्याचे काम घरी आणते, तेव्हा बसायला जागा नसते. म्हणून तो अभ्यास कॉलेजच्या वाचनालयात करतो. वर्गात तो झोपतो, हे त्याने स्वतःच कबूल केले.

आणि वेळ तर पूर्वीसारखा उरलेलाच नाही. वर्षाअखेर एक परीक्षा आणि तोवर वर्षभर मोकळे, हा जमाना गेला. आता सत्र पाच महिन्यांचे. त्यात अंतर्गत चाचणी, प्रकल्प, हजेरी या सर्वांचे गुण. गणपतीला आठ दिवस, लग्नाला चार दिवस, शेतीच्या कामाला बोलावले म्हणून आणखी आठ दिवस असा मुलगा गावी आला, तर त्याचे सत्र संपलेच म्हणून समजा. कांदा लागणीला मुलाला बोलावणाऱ्या पालकांना आम्ही दोष देत नाही, मजूर मिळत नाही हे आम्हालाही दिसते. फक्त बोलावण्याआधी त्याला चाचणी कधी आहे एवढे विचारावे.

नवीन शैक्षणिक धोरणाविषयीही गैरसमज आहेत. (हे धोरण आपल्या अर्थाचे.) गुजरातेत २०२३ पासून पदवीचे अभ्यासक्रम त्याप्रमाणे सुरू झाले. "आता कॉलेज चार वर्षांचे झाले, एक वर्ष फुकट वाढले" असे आम्हाला बसमध्ये ऐकू आले. तसे नाही. तीन वर्षांनी पदवी मिळतेच, चौथे वर्ष ऑनर्सचे. एका वर्षानंतर काही अटी पूर्ण करून बाहेर पडले तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पदविका अशी तरतूद आहे. ज्याला घरच्या अडचणीमुळे मध्येच थांबावे लागले त्याचे क्रेडिट, म्हणजे मिळवलेले श्रेयांक, खात्यात जमा राहतात. मिलमध्ये लावून दिलेल्या त्या मुलाच्या वडिलांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "म्हणजे तो अजून जाऊ शकतो?" त्यासाठी कॉलेजात कोणत्या कागदासह जायचे ते आम्ही लिहून दिले. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशाचे अर्ज २०२४ पासून जीकॅस या एकाच पोर्टलवर भरावे लागतात. जून उजाडल्यावर कॉलेजात जाऊन फॉर्म विकत घ्यायचा, ही कल्पना सोडून द्यावी लागेल.

मुलींच्या बाबतीत समजुती जरा जड आहेत. कॉलेजात गेली की हाताबाहेर जाते, असे म्हणणारे लोक मुलीला त्याच चौकातून पहाटे कामावर पाठवतात, हे आम्ही पाहिले. बारडोलीच्या बसमध्ये आम्हाला कडोदऱ्याच्या चार मुली भेटल्या. चौघींना घरून एकच ताकीद होती, की वर्ग सुटला की पुढच्याच बसने परत. त्यामुळे त्या वाचनालयात बसत नाहीत, प्राध्यापकांना शंका विचारायला थांबत नाहीत. एकीने फार साधे सांगितले, "पप्पांनी एकदा येऊन कॉलेज बघितलं तर बरं होईल." महाराष्ट्रात २०२४ पासून ठराविक उत्पन्नाच्या आतील घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. त्यावरून सरसकट सगळे शिक्षण मोफत झाले, असा समज पसरला आहे. सवलत महाराष्ट्रातल्या व्यावसायिक प्रवेशांची आहे. सुरतेत बी.कॉम. करणाऱ्या मुलीला ती मिळणार नाही.

रॅगिंगची भीती अनेक आयांनी बोलून दाखवली. कायदा कडक आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ पासून लागू आहेत, आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर फुकट तक्रार करता येते. आम्हाला भेटलेल्या मुलांचा जाच मात्र वेगळा होता. त्यांच्या बोलीची नक्कल होते. अहिराणी बोलले की शहरातली मुले हसतात, आणि त्यात मराठी मुलेही असतात. एक मुलगा त्यामुळे गावाहून आलेला फोनही बाहेर रस्त्यावर जाऊन घेतो.

परतताना आम्ही चलथानहून पॅसेंजरने निघालो. नवापूरचे स्टेशन तुम्हाला माहीतच आहे, अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात, आणि घोषणा हिंदी, इंग्रजी, गुजराती, मराठी अशा चारही भाषांत. डब्यात समोर एक पहिल्या वर्षाचा मुलगा होता, गावी चाललेला. मांडीवर वही, वहीत तीन रकाने. रोजकीर्द, आमनोंध, जर्नल. तेरजेच्या समोरची जागा कोरी होती. आम्ही सांगितले, काचुं सरवैयुं. त्याने ते गुजराती अक्षरांत लिहिले, चचे वळण चुकले, खोडून पुन्हा लिहिले.